उपाशी ठेवलेला मासा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. माशांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता पंच्याहत्तरी ओलांडली, तेव्हा लिहून टाकतो.

माझी नोकरी हिवताप खात्यातली. सालेकशाकडच्या जंगलपट्टीतल्या गावांत डबा घेऊन फिरायचो आणि विहिरींत, टाक्यांत गप्पी मासे सोडायचो. ते डासांच्या अळ्या खात. पाणी भरायला आलेल्या बायका मात्र कौतुकानं त्यांना भात, मुरमुरे टाकत. मी ओरडायचो, "काऊन टाकून राहिल्या? याचं पोट भरलं तर अळ्या तुमची सासू खाईल का?" त्या हसायच्या. एकदा एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुमी तं जेवूनच कामाले येता ना?" मलाही हसू आलं होतं. पण नियम मी सोडला नाही.

निवृत्तीनंतर गोंदियात मुलाकडे आलो. सून वेंगुर्ल्याकडची. तिनं बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती. बादलीत मीठ मोजून विरघळवायचं, पाणी तपासायचं, वीज गेली की आधी पंपाकडे धावायचं. आत दगडांवर जिवंत प्रवाळ आणि कोपऱ्यात निळ्या काठाचा एक शिंपला. सकाळी टाकीचा दिवा लागला की तो हळूहळू उघडायचा. तो उघडलेला पाहिल्याशिवाय ती चहाला हात लावत नसे. म्हणायची, "बाबा, इथे माझ्या गावचं एवढंच आहे."

त्या टाकीत कीड लागली. काचेसारखी तपकिरी फुलं दगडांवर उगवली, दिसायला फुलं पण खरे तर जीव. ती प्रवाळाला डंख मारायची आणि खुडली तर आणखी वाढायची. तेव्हा तिनं मुंबईहून एक मासा मागवला. पांढऱ्या अंगावर नारिंगी पट्टे, तोंड चोचीसारखं लांब. तो ती फुलं टिपून खातो, असं तिनं सांगितलं. मला माझे गप्पी आठवले. या घरात आपल्यालाही काही कळतं, असं पहिल्यांदा वाटलं.

मासा आला आणि आठवड्याभरातच तिच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. तिला तीन आठवडे माहेरी जावं लागलं. मुलगा सकाळीच सौंदडला कामावर जायचा, म्हणून टाकी माझ्याकडे आली. फ्रीजरमध्ये बारीक कोळंबीच्या गोठवलेल्या वड्या होत्या. "सकाळी एक, संध्याकाळी एक. कीड खातो म्हणून उपाशी ठेवायचं नाही हं बाबा, नाहीतर शिंपल्यावर चोच मारेल."

"बेटा, माशायचं मले नको शिकवू."

ती हसून रिक्षात बसली.

पहिल्या दिवसापासून मी वडी टाकली नाही. मासा दगडाभोवती फिरायचा, फूल दिसलं की खेचायचा. दहा दिवसांत समोरची फुलं संपली. मी मुलाला बोलावून दाखवलं. दगडांमागे थोडी उरली असतील, म्हणून वडी तशीच बंद ठेवली.

मग एका दुपारी मासा वळला आणि मला त्याचं पोट दिसलं. आत गेलेलं, कागदासारखं. त्याच दिवशी तिचा फोन आला.

"खातो ना हो तो?"

"खाऊन राहिला ना."

फोन ठेवला. लगेच वडी वितळवून टाकली. मासा जवळ आला, चोच लावली आणि वळून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. मी दिवसभर टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायचो. डोळा लागला तरी दचकून आधी कोपऱ्यात पाहायचो. शिंपल्याच्या निळ्या काठावर चोच मारल्याच्या पांढरट खुणा दिसू लागल्या होत्या. सकाळी तो उघडायला वेळ लावू लागला. एका सकाळी उघडलाच नाही. पुढच्या सकाळी मासा दगडात अडकून मेलेला होता आणि शिंपलाही आ वासून मरून पडला होता.

ती यायला दोन दिवस उरले होते. मी फ्रीजर उघडला. पाकीट जवळजवळ भरलेलंच होतं. उरलेल्या दोन दिवसांच्या चार वड्या ठेवल्या, बाकीच्या मोरीत टाकून वरून गरम पाणी ओतलं. त्या पूर्ण विरघळेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

ती आली. चप्पल न काढता टाकीपाशी गेली. मग फ्रीजर उघडून पाकीट पाहिलं.

"तुम्ही तर रोज घालत होतात," ती म्हणाली. "तुमचा दोष नाही बाबा. नवा मासा सोडून मीच जायला नको होतं."

मुलगा म्हणाला, "वडलायचं ऑपरेशन होतं, कशी नसती गेली तू?"

तेव्हा बोलायचं होतं. मी म्हणालो, "पाणी आणू का बेटा?"

महिन्याभरात टाकी रिकामी झाली. तिनं दुसरी मांडली नाही. म्हणायची, "जमत नाही मला. माझंच काहीतरी चुकतं." हे मी त्याच खोलीत बसून ऐकायचो.

आता मुलाची बदली नागपूरला झाली आहे. मी इथेच राहिलो. दर रविवारी तिचा फोन येतो. त्याआधी मी वाक्य जुळवून ठेवतो: बेटा, तुझं काही चुकलं नव्हतं, मी त्याला उपाशी ठेवलं होतं, मला माफ कर. फोन वाजतो. ती पहिलं विचारते, "जेवलात का बाबा?"

मी म्हणतो, "जेवलो ना."