न हलणारा डाग

दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मावशीला सगळे पाठीमागे ‘भिंगबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. उभा जन्म रक्ताच्या स्लाइड बघण्यात गेला, लग्नाचं राहूनच गेलं. बहिणीची पोरगी तेवढी आपली, तर तिलाही याच कामात ओढलं. मायक्रोस्कोप उचलायचा तर एक हात दांड्याला, एक बुडाखाली, तान्ह्या पोराला उचलतात तसा. भिंगावरचं तेल खास कागदानेच टिपायचं, ओढणी नि रुमाल जवळ आणायचा नाही. इतकं घोकून घेतलं तरी भिंगावर डाग! मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळीच तिने भाचीला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. भाची एवढंच म्हणाली, की मी पुसूनच ठेवलं होतं. दुपारी तिने दुसऱ्या विभागात बदली मागितल्याचं कानावर आलं आणि मावशीने हातातला घास डब्यात परत ठेवला. पोर तुटली तर म्हातारपणी आपल्याला आहे कोण?

डबा तसाच टाकून ती मायक्रोस्कोपपाशी बसली. भाचीला तिनेच शिकवलं होतं: स्लाइड सरकवून डाग सरकला तर तो स्लाइडवरचा, वरचं भिंग फिरवून फिरला तर वरच्या भिंगावरचा, नाहीतर खालच्या भिंगावरचा. डाग ढिम्म हलेना. तिने खालचं भिंग टिपलं, मग बदललंसुद्धा. तरी तो तिथेच.

तिने मान वर केली. एका डोळ्याने भिंगात बघायच्या सवयीने डावा डोळा मिटलेलाच होता. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरही तोच डाग. डावा उघडून उजवा मिटला, तर भिंत लख्ख.

तिने भाचीला बोलावलं. भाचीने वाकून पाहिलं.

“मावशी, भिंग स्वच्छ आहे गं.”

“आहेच. खोट माझ्या डोळ्यात, आणि बोल लावला तुला.” मावशी खुर्चीवरून उठली. “मी ‘काही नाही’ म्हणून बाजूला ठेवलेल्या सगळ्या स्लाइड काढ. पुन्हा बघ.”

भाची बघत राहिली, मावशी भिंतीला टेकून उभी. बऱ्याच वेळाने भाचीचा हात थांबला. मलेरिया होता. स्लाइड काल तापाने फणफणत आलेल्या एका शिंप्याची. काळजीचं काही नाही, घरी जा, असं मावशीनेच त्याला हसून सांगितलं होतं.

त्याला कळवायला मावशीने फोन हातात घेतला. डोळे भरून आल्याने आकडे दिसेनात, तेव्हा भाचीने तो लावून दिला. पलीकडे घंटा नुसती वाजत राहिली.