हरतालिकेचा गूळ

वाशिमच्या डॉक्टरांनी माझी लघवी निळ्या औषधात उकळली. नळीतला रंग हिरवा, पिवळा होत शेवटी विटकरी झाला. “बाई, हा डायबिटीस, म्हणजे मधुमेह,” ते म्हणाले. मुलांनो, हा आजार घराण्यात उतरतो, म्हणून लिहून ठेवते.

इन्सुलिन अकोल्याहून येई. रक्तातली साखर खाली आणणारे हे औषध. बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवत असू. सकाळी सुई, मग ज्वारीची ठरलेली भाकरी. वाळलेले अंग पुन्हा भरू लागले.

भाद्रपदात हरतालिका आली. पाणीसुद्धा न घेण्याचा उपास.

“सुई घेऊन घे,” आत्याबाई म्हणाल्या. त्या माझ्या सासूबाई. “ते काई तोंडातून जात नाही. उपास कायले मोडते? महादेवाले काय समजते सुईतलं?”

मलाही पटले. रोजच्याइतकेच इन्सुलिन घेतले.

वाळूची पिंड करताना हात थरथरू लागले. घाम फुटला. पिंडीपलीकडे माझी वारलेली आई येऊन बसली. ती भाकरी मोडत होती आणि मला देत नव्हती. मी तिला शिव्या दिल्या म्हणे.

आत्याबाईंनी पिंडीपुढचा गूळ उचलला. नैवेद्य अजून दाखवायचा होता. “गीळ वो माय. पाप लागन तं मले लागन.”

मला गिळता येत होते म्हणून ते चालले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, असे डॉक्टरांनी नंतर बजावले.

आम्ही दमणीतून, बैलांच्या छोट्या गाडीतून, वाशिमला गेलो. “याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, साखर फार उतरणे,” डॉक्टर म्हणाले. “भाकरी कमी, तर इन्सुलिनही कमी. पण किती, ते आधी मला विचारायचं. आपल्या मनाने बंद तर कधीच करायचं नाही.”

पुढे त्यांनीच माझी भाकरी अर्धी केली. तेव्हा आधी इन्सुलिन कमी केले आणि नळीतला रंग पाहत पाहत पुढची मात्रा ठरवत गेले.

आई अजून येते. जेवण लांबले, घाम फुटला, की समोर बसून भाकरी मोडते. मी तिच्याकडे पाहत नाही. पदराला बांधलेला गूळ तोंडात टाकते, आणि ती उठून जाते.

त्यानंतर दर हरतालिकेला आत्याबाई नैवेद्याचा पहिला खडा माझ्या हातावर ठेवत, मग देवापुढे. आता त्या नाहीत. तो खडा मीच उचलते. त्यांनी पत्करलेल्या पापावर मी इतकी वर्षे जगले, मुलांनो, आणि तुम्ही झालात.