लेकीचा ढगातला परवाना आणि माझा नवस

मैत्रिणींनो, आज जे झालं, ते लगेच लिहिते.

माझी लेक युरोपात नोकरी करते आणि हौसेनं छोटं विमान उडवते. बाहेर काहीच दिसत नसलं, तरी नुसते यंत्रांवरचे काटे बघून ढगातून कसं निघायचं, याचा ती राहते त्या देशानं तिला परवाना दिलाय. आता सगळ्या युरोपचा एकच नियम येतोय आणि त्यात तो रद्द होऊ शकतो. तो टिकवायला ती धडपडतेय. मी मात्र तो जावा म्हणून देवीला नवस बोलले. परवानाच नसला तर पोरगी ढगात जाईलच कायले?

आज सकाळी सौंदडहून स्कूटीनं निघाले आणि मधेच दाट धुकं आलं. मला वाटलं, मी सरळ जाऊन राहिली. तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला. कोणत्या बाजूनं, तेच कळेना. ट्रक अगदी अंगाजवळून गेला आणि माझी गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधीत शिरली.

घरी येऊन लेकीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आई, तू धुक्यात मुद्दाम गेली होती काय?"

म्हणजे परवाना नसला, तरी ढग तिला गाठणारच की. बोललेला नवस परत कसा घेतात, कोणाला माहीत आहे का? देवीनं ऐकायच्या आत सांगा.