आत्याची न धावणारी सायकल

बसल्या जागी सायकल मारून सगळी पंचक्रोशी पालथी घातलेली बाई या पृथ्वीतलावर एकच झाली, आणि ती माझी सख्खी आत्या होती, हे मी कुठल्याही सभेत छाती पुढे काढून सांगायला तयार आहे. मालवणजवळच्या कट्टा या बाजारगावाच्या अलीकडे आमचं गाव. तिथे ती बाळंतपणं करायची. निम्मं गाव तिच्याच हातावर जगात आलं होतं, त्यामुळे कितीही मोठा माणूस समोर आला तरी तिला तो दुपट्यातच दिसायचा. एकदा मालवणच्या कचेरीत एक कारकून तिच्यावर गुरकावला, तर ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आता माझ्यार ओरडतंस? जल्माक इलंस तेव्वा रडूक नाय होतंस. मी थापटी मारलंय, तेव्वा खंय तोंड उघडलंस." कारकुनाने मुकाट्याने कागदावर शिक्का मारला.

एवढी खमकी बाई, पण स्वतःच्या मनाने तिने कधी साधा भोपळासुद्धा निवडला नाही. सगळं ग्रामदेवतेला विचारून. आमच्याकडे देवाच्या पाषाणावर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवून कौल घेतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लोक लग्नकार्याला, जमिनीच्या वादाला कौल लावतात. आत्या म्हशीला, मिरच्यांच्या वाणाला आणि माझ्या मास्तरकीच्या नोकरीलाही लावायची. देवाने डावा दिला म्हणून तिने छत्री घेतली नाही आणि एक आख्खा पावसाळा इरल्यात काढला.

साठ सालाच्या आगेमागे ती एका बाळंतपणाहून परतताना पाणंदीत घसरली आणि उजवा गुडघा गेला. प्लास्टर निघाल्यावर मालवणचे डॉक्टर म्हणाले, "हा गुडघा रोज फिरला तर फिरेल, नाहीतर जन्मभर काठी. मुंबईत घरात ठेवायची सायकल मिळते, जागच्या जागी चालवायची. तसं काही बघा." आत्याने माझ्याकडे पाहिलं. "जाग्यार ऱ्हवता, मगे तेका सायकल कित्याक म्हणतत?" पण तिला घाई होती. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वाडीतल्या एका सुनेची दोन मुलं दुसऱ्यांच्या हातावर गेली होती. ती तिसऱ्यांदा गरोदर होती आणि आत्याने तिला शब्द दिला होता, की या वेळी मी येईन. दोन महिने उरले होते आणि सड्यावर जायला उभी घाटी.

मुंबईचं यंत्र वेळेत येणं शक्य नव्हतं. मी तिला बैलगाडीतून कट्ट्याला सायकलवाल्याकडे नेलं. "आते, ही हिरवी बघ. वाऱ्यासारखी पळता," तो म्हणाला. "माका पळणारी नको, ऱ्हवणारी होयी." बिचाऱ्याने काळी पुढे केली. "ही उताराक तर थांबूचीच नाय!" आत्याने कपाळाला हात लावला. त्या माणसाने आयुष्यभर सायकलींचा वेगच विकला होता, त्याला दुसरं काही बोलता येईना. शेवटी त्याच्या दुकानातल्या तिन्ही सायकलींसाठी कौल लावायचं ठरलं. तिसरी मागे भिंतीला टेकून गंजत होती, तिचं पुढचं चाक आंबोळीसारखं दुमडलेलं.

देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरा आज एका सायकलीचा इचारूक तुज्या पायाकडे इली. ती सायकल खंयसरच जावची नाय, आसा थंयच ऱ्हवात, अशी कृपा कर!" आम्ही सगळे "होय म्हाराजा!" म्हणालो. हिरवीला डावा. काळीला डावा. मोडकीला उजवा! मी हबकलो. आत्या शांतपणे म्हणाली, "देवाक सगळा कळता. जाग्यार बसून चलवूक फुडचा चाक होया कित्याक?"

सायकल ओसरीवर आली. मी तिचा सांगाडा चिऱ्यांवर चढवला, मागचं चाक अधांतरी ठेवलं आणि त्याच्यावरून सुंभाची दोरी घेतली. दोरी ओढली की चाक जड व्हायचं. आत्या कासोटा घट्ट मारून सीटवर बसली आणि त्या दिवसापासून ओसरी म्हणजे हमरस्ता झाला. ती नुसती पायडलं कधीच मारत नसे, कुठेतरी जात असे. आधी कट्ट्याची बाजारपेठ, मग फक्त सडा. ओढ्यावरचा साकव आला की सावकाश, घाटी आली की दोरी ओढून धापा टाकायची. वाटेत कुणी बोलायला आलं तर, "थांब, आता चढणीर आसंय!" माणसं भाकरी उरकून बघायला यायची. "काय गो आते, खंयसर पावलंस?" असं विचारून ओसरीभर हसायची. मीही हसायचो.

एके दुपारी सड्यावरून त्या सुनेचा दीर खुर्ची आणि चार गडी घेऊन आला, आत्याला उचलून न्यायला. आत्याने खुर्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी तिची पिशवी घेऊन मागे चाललो. घाटीत ती तीनदा थांबली, एकदाही बसली नाही. दिवेलागणीला मुलगी झाली, खणखणीत आवाजाची, आणि माझी छाती अशी फुगली की जणू मीच घाटी चढलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरताना आत्या साकवाजवळ दगडावर बसली. "एक सांगतंय. कोणाक बोला नको. त्या दिवशी तुम्ही देवळाभायर गेल्यार मी गुरवाक आणखी एक इचारूक लावलंय. ह्या गुडघ्यान माका सडो चढाक गावतलो काय, म्हणान." तिने गुडघ्यावरून हात फिरवला. "देवान डावो दिल्यान."

"मग गो?"

"मगे काय करतलंय? पोरीक शब्द दिललो. चलवलंय सायकल."

आज आत्या नाही. तिच्या त्या एका हट्टाचा मला जेवढा अभिमान वाटतो तेवढंच वाईटही वाटतं. दोन महिने ती देवाचा नकार पोटात ठेवून एकटी ती घाटी चढत होती, आणि आम्ही तिच्याच ओसरीवर बसून हसत होतो.