सतरा एकांचा शिक्का

माझे घरमालक सलीमचाचा यांच्या मुलीचा, शबानाआपाचा, फोन आला तेव्हा मी गावी तळ्याच्या पाळीवर आईसोबत जाळं वाळत घालत होते. "अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मला लगेच रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की मी खोटं बोलले ते चाचांना कळलं होतं का... 

बी.एस्सी.साठी चंद्रपूरला आले तेव्हा सलीमचाचांच्या घरी खोली घेतली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच; कोणावर किती विश्वास ठेवायचा हे कळत नव्हतं. चाचा तर कोणावरच ठेवत नसत. लाकूड डेपोत त्यांची सारी नोकरी सागाचे लठ्ठे, म्हणजे ओंडके, तपासण्यात गेली. दोन्ही टोकांना ठोकायचं, कान लावायचा, आतून पोकळ नाही अशी खात्री झाली की मगच हातोड्याने शिक्का. "सरळ, गोरा लठ्ठा दिसला का आधी शक घ्याचा," ते म्हणत. दूधवाल्यावर, माझ्या मोबाइलवर, भिंतीवरच्या घड्याळावरही त्यांचा शक असे.

निवृत्तीनंतर त्यांनी संख्या ठोकायला घेतल्या. नुसत्या एक या अंकाच्या, रांगेत उभ्या. अकरा कशानेच तुटत नाही, म्हणजे भरीव. पण एकशे अकराला तीनने भाग जातो, पाच एकांना एक्केचाळीसने, सात एकांना दोनशे एकोणचाळीसने. सहा किंवा बारा एक असले तर बघायलाच नको. रांगेचे सारखे तुकडे पडतात, तशी संख्याही तुटते. अकरा एकांचा भाजक एकवीस हजारांच्या पुढे निघाला, तो त्यांनी वहीत हाताने भागत भागत शोधला होता. मग सतरा एकांवर कित्येक वर्षं गेली. एक दिवस त्यांनी त्या रांगेभोवती लाल पेन्सिलने गोल काढला. तो त्यांचा शिक्का.

"हे भरीव हाय," ते म्हणाले.

"चाचा, दोन्ही टोकं ठोकली?"

"डोळे गेले, बेटी. आता किती ठोकू?"

खात्री करायची तर दहा कोटींच्याही पुढच्या भाजकांपर्यंत जावं लागलं असतं. आयुष्यभर शक घेणारा माणूस इथेच कसा थांबला? मलाच शक आला. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तपासते, असं सांगून वही मागून घेतली आणि ती संख्या घातली. क्षणात उत्तर आलं: २०७१७२३ ने भाग जातो. कॉम्प्युटरवरही विश्वास बसेना, म्हणून चिठ्ठीवर हाताने गुणाकार केला. सतराही एक उभे राहिले.

सुट्टीत गावी निघताना वही परत दिली.

"तपासलं?"

"हो. भरीव आहे, चाचा."

ते माझ्याकडे बघत राहिले, गोऱ्या लठ्ठ्याकडे बघावं तसे. "तू एवढ्या लवकर कधी हो म्हनत नाई," ते म्हणाले. "त्या कॉम्प्युटरले कान हायेत का?" मी हसले आणि बससाठी निघाले. तीच शेवटची भेट.

परत आले तेव्हा आपाने ती वही माझ्या हातात दिली. आत माझी चिठ्ठी होती, तिथेच राहून गेलेली. पुढच्या पानावर, थरथरत्या आकड्यांत, त्याच भाजकाने केलेला लांबलचक भागाकार. दोन ठिकाणी चुकलेला, खोडून पुन्हा केलेला. बाकी शून्य. मागच्या पानावरच्या लाल गोलावर आडवी रेघ.

माझ्याबद्दल एखादी ओळ सापडेल म्हणून सगळी पानं उलटली. काही नव्हतं. फक्त शेवटी नवी रांग, एकोणीस एकांची. तीन, सात, अकरा, तेरा... कशानेच भाग गेलेला नाही, आणि तिथे अक्षर थांबलेलं.

"काही म्हणाले होते का गं?" मी आपाला विचारलं.

"म्हणाले, दुसरं टोक तिले ठोकाले सांग. अन् नुसती हो म्हणाली तर मानू नको, वही पाहा."

एकोणीस एक भरीव आहेत, असं कॉम्प्युटर सांगतो. मी रोज कॉलेजातून आले की चाचांच्या खिडकीशी बसून त्याच वहीत पुढचा भागाकार करते. आपा येऊन पान बघून जाते. लाल पेन्सिल वहीतच आहे. मी अजून गोल काढलेला नाही.