नव्वद टक्क्यांची भाऊबीज

आमचा मुलगा फार शिकलेला आहे. इतका, की त्याच्या लग्नाच्या वेळी मी पत्रिकेचं नुसतं नाव काढलं तर मला तासभर व्याख्यान मिळालं. "छत्तीसपैकी किती गुण जुळले यावर माणसं संसार करतात का, आई?" म्हटलं, नाही रे बाबा, चुकले. आणि हाच मुलगा ऑकलंडला, अल्बनीतल्या त्याच्या घरी, दात घासायच्या आधी फोनमध्ये टक्के बघायचा.

कसले टक्के ते सांगते. अमेरिकेत बेसबॉलची एक मोठी स्पर्धा असते, आपल्या दिवाळीच्या आगेमागे संपते. एका वेबसाइटवर जगभरची माणसं बसून त्यातला कुठला संघ जिंकणार याचे शेअर घेतात, विकतात. ज्या संघाचा भाव सत्तर, तो जिंकायची शक्यता सत्तर टक्के. मी आपलं म्हटलं, "म्हणजे सट्टाच की." झालं! नात लगेच, "नो आज्जी, इट्स अ मार्केट!" आणि तिचा बाप, "आई, यात हजारो लोकांचं शहाणपण एकत्र येतं." हजारो लोक एकत्र आले की काय येतं, ते मी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथीच्या जुडीपायी धक्के खाताना जवळून पाहिलेलं आहे. पण माझं कोण ऐकतंय.

बरं, पैसे तरी मोठे असावेत? घरच्या भाजीचा खर्चसुद्धा निघाला नसता. खेळ तरी कळावा? लहानपणी क्रिकेट खेळून शेजाऱ्यांच्या काचा फोडलेला हा मुलगा, बेसबॉलमध्ये धावून पुन्हा त्याच जागी का येतात असं विचारलं तर म्हणाला, "ते महत्त्वाचं नाही. भाव महत्त्वाचा."

सून शहाणी. ती म्हणायची, "आई, तुमच्या लेकाला दूध संपण्याची शक्यता किती ते विचारा, म्हणजे जाईल तरी डेअरीत."

हे सगळं मी हसून घेतलं असतं. पण त्या वर्षी माझी लेक दुबई सोडून इथेच, टौरंगाला आली, तिथल्या बंदरात नोकरीला. तीन तासांचा रस्ता! लग्नं झाल्यापासून ही दोन भावंडं कधी एका देशात नव्हती. त्यांची भाऊबीज म्हणजे ही फोनच्या पडद्याला निरांजन ओवाळणार आणि तो पडद्यातून मान डोलावणार. त्या वर्षी ती महिनाभर आधीपासून मला फोन करत होती. "आई, दादा येईल ना गं? नक्की?" ती इथे आल्यापासून दोनदा येतो म्हणून तो गेला नव्हता. एकदा ऑफिस, एकदा पाऊस.

मी त्याला विचारलं तर म्हणे, "अंतिम फेरीत फार तर सात सामने असतात. पाचांतच संपेल, बाजार ऐंशी टक्के म्हणतोय. भाऊबीजेला मी मोकळा."

बाजार म्हणाला, पण त्या खेळाडूंना कुणी कळवलं नसावं. सामने गेले सातापर्यंत, आणि सातवा नेमका भाऊबीजेच्या दिवशी, इथल्या दुपारी एक वाजता. सुनेला सुट्टी नव्हती, नातीची शाळा, त्यामुळे जायचे आम्ही दोघंच. आणि साहेब सोफ्यावर मांडी घालून बसलेले.

"आई, उद्या जाऊ या ना. उद्या काय नि आज काय."

करंज्यांचा डबा पिशवीत घातला, चपला घातल्या आणि बसच्या स्टॉपकडे चालायला लागले. कुठली बस, कुठे बदलायची, देवाला ठाऊक. कोपऱ्यावर पोचते तोवर मागून हॉर्न.

"बस आत. पण फोन तू धरायचा आणि भाव वाचायचा. स्क्रीन बंद होऊ द्यायची नाही."

मग काय, आमची वरात निघाली. तो गाडी चालवतोय आणि मी मांडीवर फोन घेऊन पोथी वाचावी तशी वाचतेय.

"किती?"

"पासष्ट."

"आता?"

"अरे, आत्ताच सांगितलं ना पासष्ट!"

ऑकलंडच्या दक्षिणेला बॉम्बे नावाचं गाव लागतं. आपण मुंबई करून मोकळे झालो, यांचं अजून बॉम्बेच. तिथे त्याने शेअर घेतलेला संघ सत्तरवर होता. पुढे घाट लागला तेव्हा मी नव्वद वाचलं. पोरगा स्टिअरिंगवर ठेका धरून गायला लागला. आणि नेटवर्क गेलं. घाट उतरून नेटवर्क येणार, तर बॅटरी संपली. स्क्रीन बंद होऊ द्यायची नव्हती ना! चार्जर सुनेच्या गाडीत. माझा फोन बटणांचा, त्यात फक्त माणसं बोलतात.

"ताईला लाव," म्हणाला. धाकटी असली तरी लाडात आला की ताई म्हणतो. मी लावला आणि त्याच्या कानाशी धरला. लेकीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"संपली मॅच, दादा. पाहिली मी."

"मग? कोण?"

"ये. ओवाळून घे. मग सांगते." ठेवलाच तिने.

तिच्याकडे पाट नव्हता, योगाची चटई घडी घालून मांडली होती. दारातच तिने चार्जर मागणाऱ्याचा हात धरून त्याला आणून बसवलं. कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं अगदी सावकाश. एवढं सावकाश ओवाळलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो बिचारा मान वर करून ज्योतीकडे बघतोय की तिच्या तोंडाकडे, कळेना.

"आता तरी सांग."

तिने करंजी त्याच्या तोंडात कोंबली. "हरले."

करंजी तोंडात तशीच. "नव्वद टक्के होते गं!"

"आणि तू येशील याचे मी दहासुद्धा धरले नव्हते," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण तबक खाली ठेवायच्या आधी तिने त्याला पुन्हा एकदा ओवाळलं.

त्याने तोंडातली करंजी संपवली आणि म्हणाला, "चार्जर राहू दे. बासुंदी केलीयस का?"

मी पुऱ्या तळायला उठले.