खिशात खोडरबर ठेवणारे भाऊ

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी बसून काय ऐकू येणार तुम्हाला? मागच्या खेपेलाही अर्धं ऐकलंत आणि उठून गेलात, ते मी विसरलेली नाही. म्हातारी बोलायला लागली की सगळ्यांना बसची वेळ आठवते. आज आठवायची नाही. आज ज्या माणसाबद्दल सांगते आहे तो भेटला नसता, तर माझ्या लेकरांच्या शाळा सुटल्या असत्या. तेव्हा नीट बसा.

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात. हे कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारे, पण खिशात खोडरबर ठेवत. एका बाजूने झिजून तिरपा झालेला. समोरचा माणूस काही मागायला लागला की यांचा हात खिशाकडे जाई. कागदावर पेन्सिलीने आखलेली एखादी चौकट पुसत, फुंकर मारत आणि म्हणत, "आधी आहे का ते पाहून घ्या न. मंग नवीन मागा." दिवसभर हेच. शर्टावर सदा खोडरबराचा चुरा, जसं काही आत्ताच बिस्किट खाऊन उठले आहेत.

मी त्यांना भाऊ म्हणायची. नाव नाही सांगत, आणि त्याला कारण आहे. पहिल्या दिवशी ते आमच्या दुकानात आले तेव्हा शेठच्या पुतण्याने नाव विचारलं. यांनी सांगितलं. "पूर्ण नाव?" यांनी आडनावासकट सांगितलं. मग राहायला कुठं, तर नागपुरातच, इंदोऱ्याला. चहा आला, तर पुतण्या पुन्हा सुरू, की मूळ गाव कोणतं, आणि आडनाव काय म्हणालात. असं फिरून फिरून काहून विचारतात, ते तुम्हाला काय सांगायचं. भाऊंनी कप खाली ठेवला. "पहिल्यांदा सांगतलं तेच आहे साहेब. त्यात काही बदल नाही झाला." पुतण्या त्यांच्यापेक्षा लहान होता, तरी साहेब म्हणाले, आणि उरलेला चहा निवांत प्यायले. एकदा सांगून झालेलं नाव मी पुन्हा कशाला सांगू?

गोष्ट ऐंशीनंतरची. आमच्या शेठचं इतवारीत शिलाई मशीनच्या सुट्या सामानाचं ठोक दुकान होतं. सुया, बॉबिन, पट्टे, चाकं, सगळं. विदर्भातल्या गावोगावच्या दुकानदारांना इथून माल जाई. माझे यजमान तिथेच गोदामात होते. ते गेले, पदरात दोन लेकरं, आणि शेठने मला पार्सलच्या टेबलावर बसवलं. पार्सल बोरीच्या कापडात शिवून आलं की त्यावर शाईने दुकानदाराचा खातेनंबर, नाव आणि गाव लिहायचं, एवढंच काम. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक नापास. इंग्रजी मी मुलांच्या पुस्तकांतून आणि सुयांच्या डब्यांवरच्या अक्षरांतून शिकले. अक्षर मात्र माझं मोत्यासारखं, हे शेठही म्हणायचे.

ऑर्डरचं टेबल वेगळं, बिलाचं वेगळं, पार्सलचं वेगळं. तेच नाव आणि तेच गाव तिन्ही टेबलांवर लिहिलं जाई, आणि तिघंही आपापल्या मनाने लिहीत. त्यामुळे एकेका दुकानदाराची आमच्याकडे तीन दुकानं झालेली.

मग शेठने कॉम्प्युटर आणायचं ठरवलं. इतवारीत तेव्हा ही मोठी बातमी. शेठने आम्हाला बोलावून सरळ सांगितलं की मशीन आली की तीन टेबलं उठतील, मशीनवर एकच माणूस बसेल, आणि तो कोण ते दिवाळीला ठरेल. बाकीचे दोघे पुरुष होते, त्यांना बाजारात आणि गोदामात कामं मिळणार होती. मी कुठे जाणार? पुतण्याच्या मनात तर आधीच पक्कं होतं. सीताबर्डीला कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, तिथली एक मुलगी त्याने पाहून ठेवली होती, इंग्रजी फाडफाड टाइप करणारी.

आता तुम्हीच सांगा, भाऊंचं ते 'आधी आहे का पाहा' ऐकून मला काय वाटत असेल? नाव एकदा लिहिलं की पुन्हा लिहायचं नाही, असं हा माणूस सांगत फिरतो, आणि माझा सगळा संसार तिसऱ्यांदा नाव लिहिण्यावर उभा. मला ते डोळ्यासमोर नको होते.

आणि ते नेमके माझ्याच टेबलाशी येऊन बसले. मशीन यायच्या आधी ते प्रत्येक टेबलाशी बसून नुसतं पाहत असत.

"काय करून राहिल्या बाई?"

"दिसते ते करून राहिली."

ते हसले. राग नाही, काही नाही. मी लिहीत गेले, ते पाहत गेले. मध्येच विचारलं, हे गाव तुम्ही कुठून पाहून लिहिता? मी म्हटलं, बिलावरून. आणि बिलवाला? तो ऑर्डरवरून. भाऊंनी मान हलवली आणि चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने आमच्या तिन्ही टेबलांच्या स्क्रीन आखायला घेतल्या. मशीनच्या पडद्यावर कुठला रकाना कुठे येणार, ते ते आधी असं कागदावर मांडत.

पुतण्याला पडद्यावर सगळंच हवं होतं. ऑर्डरच्या स्क्रीनवर नाव, गाव, तालुका, जिल्हा, ट्रान्सपोर्ट. बिलाच्या स्क्रीनवर तेच पुन्हा. पार्सलच्या स्क्रीनवर तेच पुन्हा, कारण काय तर ती वेगळी स्क्रीन. तो एकेक सांगत होता आणि भाऊ एकेक पुसत होते. दुकानदाराचा खातेनंबर तेवढा टाकायचा, बाकी मशीनला एकदा सांगून ठेवलेलं आहे, तिथूनच ते येईल, असं त्यांचं म्हणणं.

पुतण्या चिडला. "स्क्रीन किती रिकामी दिसते. लोक म्हणतील पैसे कशाचे दिले?"

"रिकामी नाही साहेब," भाऊ म्हणाले, "बाईच्या बोटांले आराम आहे तो."

मी शाईचा ब्रश खाली ठेवला. इतके दिवस मला वाटत होतं की या पुसापुशीत मी पुसली जाणार. आणि हा माणूस एकेक रकाना पुसताना माझी बोटं डोळ्यासमोर ठेवत होता. मला इंग्रजी लिहायला वेळ लागतो, स्पेलिंग चुकतात, हे त्याने माझ्या टेबलाशी बसून पाहिलं होतं. पण नंबर? नंबर तर माझ्या जिभेवर होते. वर्षानुवर्षं लिहिलेली गावं ती.

मशीन आली ती ऐन मे महिन्यात. तिच्या खोलीला एसी, आणि बाहेर चप्पल काढायची, देवळासारखी. ज्यांना कॉम्प्युटरचं काही घेणंदेणं नव्हतं तेही बाप्पा दर दुपारी 'मशीन कशी चालते' ते पाहायला येऊन बसत. हमालांपासून शेजारच्या किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना विद्येची गोडी लागली. जूनमध्ये पाऊस पडला आणि गोडी संपली.

मला शिकवताना भाऊंनी फार काही समजावलं नाही. नंबर टाका, नाव येते का पाहा. पहिल्यांदा मी नंबर टाकला आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत नाव, गाव, ट्रान्सपोर्ट भराभरा आलं, तेव्हा मी हात मागे घेतला. चुकलं तर काय होते, मी विचारलं. म्हणाले, "मशीन ओरडते. शेठपेक्षा कमी ओरडते."

दसऱ्यापर्यंत माझा हात बसला. दिवाळीची मला आता तेवढी भीती राहिली नव्हती. आणि नेमकं तेव्हाच ते झालं.

रामटेकला आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं. छोट्या दुकानांना तेव्हा पाटीचं नाव नसे, मालकाच्याच नावाने बिल बने. हे मालक उन्हाळ्यात वारले. बायकोने दुकान चालवायला घेतलं, आणि शेठच्या सांगण्यावरून मी मशीनमध्ये त्यांच्या जागी तिचं नाव घातलं. एकाच जागी बदललं आणि तिन्ही स्क्रीनवर बदललं. मला केवढं कौतुक वाटलं होतं.

ती बाई एस.टी.ने आली. दीर म्हणत होता की दुकान मुळात त्याचं, तिचा नवरा नुसता गल्ल्यावर बसायचा. घरातली मोठी माणसं बसून निवाडा करणार होती आणि तिच्याकडचे कागद दिराने आधीच उचलले होते. नवरा जिवंत असतानाची बिलं तेवढी काढून द्या, माल त्यांच्या नावाने येत होता हे दाखवते, एवढंच तिचं म्हणणं. शेठ म्हणाले, निकालो बाई. मागच्या वर्षाची बिलंही आम्ही मशीनमध्ये भरून ठेवली होती, ती मी छापून दिली.

ती बोट ठेवून हळूहळू वाचत गेली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तं माझं नाव आहे वं बाई. तवा मी दुकानाची पायरीबी चढली नव्हती. यांचं नाव कुठं गेलं?"

मी दुसरं बिल पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळ्यांवर तिचंच नाव. दिराच्या हाती हे पडलं असतं तर तो म्हणाला असता, पाहा, खोटे कागद बनवून आणले. माझ्या रेशनकार्डावरून यजमानांचं नाव कमी केलं होतं तो दिवस मला आठवला.

पुतण्या आलाच. "काकाजी, मी पहिल्यापासून सांगून राहिलो. बाईंनी सगळ्या बिलांची नावं बदलून ठेवली. क्लासवाल्या मुलीला उद्यापासून बोलावून घ्या."

शेठ माझ्याकडे पाहायला लागले. मला एवढंच माहीत की मी एका जागी बदललं. पुढे मशीनने काय केलं ते मला कुठे कळत होतं?

आतल्या खोलीतून भाऊ आले, अनवाणी. त्यांनी कागद पाहिला. आता लक्षात घ्या, त्या दुकानात त्यांच्याशिवाय कोणालाच त्या मशीनमधलं काही समजत नव्हतं. ते नुसते गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी घरी गेले असते, आणि त्यांचं काम उजळ माथ्याने पुरं झालं असतं.

"बाईनं एका जागी बदललं," भाऊ म्हणाले. "तेच त्यांचं काम होतं. सगळीकडं बदललं ते मी. नाव एकाच जागी ठेवलं, अन् जुनी बिलंबी तिथूनच वाचाले लावली. आता कोण आहे अन् तवा कोण होतं, दोघांले मी एकाच खुर्चीत बसवलं."

मग पुतण्याला बरी संधी मिळाली. "म्हणजे आता नवीन रकाना लागेल? तुम्हीच तर..."

"लागते. बिल बनलं त्या दिवशीचं नाव बिलावर वेगळं ठेवा लागते. माझंबी चुकते साहेब."

शेठने विचारलं, किती दिवस लागतील? भाऊ म्हणाले, ते नंतर, आधी रामटेकच्या बाईंचं काम. आणि त्यांनी भिंतीची शिडी ओढली. दुकानाकडे राहिलेल्या बिलांच्या कार्बन प्रती माळ्यावर सुतळीने बांधून टाकलेल्या होत्या. हे वर चढले, मी खाली शिडी धरली. धुळीने दोघांचे अवतार झाले. रामटेकचं एकेक बिल सापडलं की ते वरून माझ्या हाती देत.

तिने सगळी मांडीवर घेतली. कार्बनची अक्षरं पुसट झाली होती, तिला नीट लागेनात. मला म्हणाली, एकदा वाचून दाखव वं. मी वाचलं. प्रत्येक बिल, प्रत्येक वेळी तेच नाव. भाऊ शिडीवरच उभे होते. माझं वाचून होईपर्यंत ते खाली उतरले नाहीत.

निवाड्याचं काय झालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. पण रामटेकहून ऑर्डर येत राहिल्या, तिच्याच नावाने.

दिवाळीला शेठने वह्यांबरोबर कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं. कुंकू बटणांत सांडू नये म्हणून भाऊ ओंजळ धरून खाली उभे, आणि भटजींना वाटलं हे प्रसाद मागताहेत. पूजा झाली. शेठने भाऊंना विचारलं, की तुम्ही गेल्यावर मशीनवर कोणाला बसवू?

"बसल्या आहेत न," भाऊ म्हणाले.

शेठने मान हलवली. इतकंच. निवृत्त होईपर्यंत ती खुर्ची माझी होती. लेक नर्स झाली, लेक शिकून नोकरीला लागला, सगळं त्या खुर्चीवरून.

भाऊंचं काम संपलं तेव्हा मी त्यांना डबाभर सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, दिल्या. त्या काळी बाईमाणसाने आभार तरी कसे मानायचे? उभ्याउभ्या एक खाल्ली आणि म्हणाले, "हे आधी काहून नाही दिलं बाई?" आणि डबा घेऊन पायऱ्या उतरले. त्यांना पाहिलं ते शेवटचं. पुढे कोणी म्हणे भिलाईला गेले, कोणी म्हणे जबलपूरला. लेकीला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन मी इंदोऱ्याला गेले होते. त्या घरात दुसरं बिऱ्हाड होतं. त्यांनी मला पाणी दिलं, मी त्यांना पेढे दिले आणि परत आले.

तुम्ही चार ठिकाणी हिंडता. एखाद्या कचेरीत असा म्हातारा माणूस दिसला, जो प्रश्न विचारायच्या आधी समोरचा कागद नीट वाचतो, तर त्यांना इतवारीतल्या शिलाई मशीनच्या दुकानाचं विचारा. ओळख पटली तर सोबत घेऊन या. नाही भेटले तर तुम्ही तरी या. मी आता बेसाला लेकाकडे असते. हिवाळ्यात गच्चीवर ऊन चांगलं येतं, दोघंचौघं आरामात बसतात. माझ्या वयाकडे पाहून जरा लवकरच या.